हाळी दाबणारा विषाणू

४ ऑगस्ट २०२२ रोजी जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात, चिनावल या गावी, गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या लंपी या रोगाची लागण झाल्याचं आढळलं आणि त्या वर्षीच्या साथीची महाराष्ट्रातली नोंद सुरू झाली. गुजरात आणि राजस्थानात जनावरं पटापट मरत असल्याच्या बातम्या त्याआधीपासूनच येत होत्या. रावेरपासून बुलढाणा जिल्ह्याची हद्द फार लांब नाही. मलकापूर, मोताळा हे तालुके जळगावला लागूनच आहेत. पोळा तोंडावर आला होता. बैलांना सजवून मिरवायच्या दिवसांत घरोघरी लोक त्यांच्या अंगावरून हात फिरवून गाठी लागतात का ते बघत होते. राज्यभरचे गुरांचे बाजार बंद झाले आणि जनावरांच्या वाहतुकीवर बंदी आली. दगावलेल्या दुभत्या गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये अशी मदत सरकारने जाहीर केली. साथ ओसरेपर्यंत राज्यात सर्वाधिक जनावरं दगावलेल्या जिल्ह्यांत बुलढाण्याचं नाव लागलं होतं. देशभरात त्या वर्षी दीड लाखाहून अधिक गुरं गेली. खरिपाची कामं अर्ध्यावर असताना ज्याच्या जोडीतला एक बैल गेला, त्याचं काय नुकसान झालं ते २५,००० रुपयांच्या आकड्यावरून कळत नाही.

या प्रकरणाचा विषय मात्र गाठी दिसण्याच्या आधीचे दिवस हा आहे. विषाणू चावऱ्या माशीच्या सोंडेवरून कातडीत शिरतो तेव्हापासून ताप भरेपर्यंत साधारण चार दिवस ते दोन आठवडे जातात, कधी त्याहूनही जास्त. या काळात जनावर चारा खातं, पाणी पितं, दूध देतं. आतमध्ये विषाणूच्या लाखो प्रती तयार होत असतात. आणि खरं नवल इथेच आहे. गाईच्या जवळपास प्रत्येक पेशीत विषाणू ओळखणारी यंत्रणा जन्मापासून असते. घुसखोर आल्यावर काही तासांतच तिने शरीरभर इशारा द्यायला हवा. मग इतके दिवस ती गप्प का राहते?

त्याचं उत्तर असं की तिला गप्प केलं जातं. लंपीच्या विषाणूने त्यासाठी लागणारा सरंजाम बरोबर आणलेला असतो.

ही यंत्रणा आधी समजून घेऊ. प्रतिकारशक्ती म्हटलं की आपल्याला अँटिबॉडी आठवतात. पण नव्या रोगजंतूविरुद्धच्या अँटिबॉडी तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर किल्ला लढवते ती जन्मजात प्रतिकारशक्ती. तिला आधीची ओळख लागत नाही, शिकवणी लागत नाही. तिचा सगळ्यात महत्त्वाचा रेणू सापडला तो १९५७ साली. लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्यावर उष्णतेने निष्प्रभ केलेला फ्लूचा विषाणू टाकला. मग त्या पडद्याभोवतालचा द्रव घेऊन ताज्या पडद्यावर घातला. या ताज्या पडद्यात जिवंत विषाणूला वाढता येईना. म्हणजे पहिल्या पेशींनी द्रवात असं काहीतरी सोडलं होतं, ज्यामुळे दुसऱ्या पेशी आधीच सावध झाल्या होत्या. विषाणूच्या वाढीत अडथळा आणणारं म्हणून त्यांनी त्याला इंटरफेरॉन म्हटलं. त्याच्या तीन वर्षं आधी जपानमध्ये नागानो आणि कोजिमा यांनाही सशांच्या कातडीत असाच परिणाम दिसला होता. त्यांनी वापरलेला विषाणू होता व्हॅक्सिनिया, म्हणजे देवीच्या लशीतला विषाणू. तो लंपीच्याच घराण्यातला आहे.

बुलढाण्याच्या शेतकऱ्याला इंटरफेरॉनचं काम एका उदाहरणावरून लगेच कळेल. पीक उभं असताना रोही आणि रानडुकरांच्या भीतीने लोक रात्री शेतात जागलीला जातात. एका मचाणावरच्या माणसाला कळप दिसला की तो हाळी देतो. त्याचं स्वतःचं पीक वाचेलच असं नाही. पण हाळी ऐकून शेजारची चार शेतं जागी होतात. विषाणूने गाठलेली पेशी बहुधा मरतेच. तिची हाळी असते ती शेजारणींसाठी.

ही हाळी निघते कशी, ते शोधायला पुढची पन्नास वर्षं गेली. आपल्या आणि गाईच्या पेशीत डीएनए असतो तो केंद्रकात. केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रवात डीएनए सापडला तर काहीतरी बिघडलं आहे, हे नक्की. २०१३ साली अमेरिकेत डॅलस इथल्या झिजियान चेन यांच्या प्रयोगशाळेने पेशीद्रवात पहारा देणारं प्रथिन शोधलं. त्याचं नाव सीगॅस. ते परक्या डीएनएला चिकटतं आणि सीगॅम्प नावाचा एक छोटा रेणू बनवायला लागतं. हा रेणू स्टिंग नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतो, ते तिसऱ्याला, आणि अशी साखळी हलत हलत केंद्रकापर्यंत जाते. तिथे इंटरफेरॉनचं जनुक चालू होतं. तयार झालेलं इंटरफेरॉन पेशीबाहेर पडून शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला जोडलं जातं. त्या पेशीत मग दुसरी साखळी हलते. तिच्यातला मुख्य निरोप्या म्हणजे स्टॅट-१ हे प्रथिन. ते केंद्रकात पोहोचलं की विषाणूविरोधी शेकडो जनुकं एकदम चालू होतात. त्यांतून तयार होणारं पीकेआर हे प्रथिन तर फार टोकाचं पाऊल उचलतं. विषाणूच्या वाढीत तयार होणारा दुपदरी आरएनए दिसला की ते पेशीतलं प्रथिनांचं सगळं उत्पादनच थांबवतं. पेशीचंही काम बंद आणि विषाणूचंही.

आता लंपीच्या विषाणूची अडचण लक्षात येईल. बहुतेक डीएनए विषाणू केंद्रकात जाऊन लपतात. देवीच्या घराण्यातले विषाणू मात्र सगळा संसार पेशीद्रवातच मांडतात. म्हणजे सीगॅसच्या अगदी नजरेसमोर. तिथे टिकायचं तर पहारेकऱ्याचा बंदोबस्त करावाच लागतो.

त्यासाठी या विषाणूकडे भरपूर भांडवल आहे. विषाणूंच्या मानाने तो अवाढव्य. त्याच्या डीएनएत सुमारे १ लाख ५१ हजार अक्षरं आहेत. २००१ साली ट्युलमन आणि सहकाऱ्यांनी हा डीएनए पहिल्यांदा पूर्ण वाचला तेव्हा त्यात १५६ संभाव्य जनुकं दिसली. त्यांची मांडणीही बोलकी आहे. मधल्या भागात आहेत ती घर चालवणारी जनुकं: डीएनएची प्रत काढणं, कवच बांधणं वगैरे. ही घराण्यातल्या सगळ्यांमध्ये जवळपास सारखीच. दोन्ही टोकांना आहेत ती यजमानाशी दोन हात करणारी जनुकं. प्रत्येक विषाणूचा स्वभाव या टोकांवर ठरतो. ट्युलमन यांच्या यादीत टोकांच्या भागात गाईच्या स्वतःच्या प्रथिनांशी साम्य असलेली जनुकं निघाली. काही इंटरफेरॉनच्या रिसेप्टरसारखी, काही इंटरल्यूकिन-१० या निरोप देणाऱ्या प्रथिनासारखी, काही इंटरल्यूकिन-१ च्या रिसेप्टरसारखी. कधीकाळी कुठल्या तरी प्राण्याच्या पेशीतून उचललेली ही जनुकं पिढ्यान्‌पिढ्या जपून, घासूनपुसून त्याच प्राण्यांच्या विरोधात वापरली गेली.

ती वापरतात कशी, याचं तपशीलवार ज्ञान मुख्यतः व्हॅक्सिनियावर केलेल्या प्रयोगांतून आलं आहे. लंपीच्या जनुकांची कामं बरीचशी त्या साम्यावरून ओळखली गेली आहेत. व्हॅक्सिनिया आपल्याला परका नाही. १८०२ सालापासून मुंबईत देवीची लस टोचली जात होती. आणि व्हॅक्सिनियाचाच एक प्रकार आजही आपल्या गोठ्यांत फिरतो. म्हशींच्या सडांवर फोड आणणारी, दूध काढणाऱ्याच्या बोटांवरही उतरणारी म्हशींची देवी ती हीच. १९८५ ते १९८७ या काळात महाराष्ट्रातल्या म्हशींचे नमुने घेऊन तिचा अभ्यास झाला, आणि २००९ मध्ये कोल्हापूर भागात ती पुन्हा आढळली.

व्हॅक्सिनियाची पहिली युक्ती अशी की हाळी निघाली तरी ती ऐकूच जाऊ द्यायची नाही. त्याचं बी-१८ हे प्रथिन इंटरफेरॉनच्या रिसेप्टरसारखंच दिसतं. फरक एवढाच की ते पेशीला पक्कं जोडलेलं नसतं, बाहेर सोडून दिलेलं असतं. इंटरफेरॉन शेजारच्या पेशीकडे निघालं की वाटेतच ते या बनावट रिसेप्टरला चिकटतं आणि संपतं. बी-१८ तेवढ्यावर थांबत नाही. ते अजून लागण न झालेल्या पेशींच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि त्यांनाही बहिरं करतं. विषाणू तिथे पोहोचायच्या आधीच वाट मोकळी झालेली असते. बनावट रिसेप्टरची ही युक्ती १९९५ साली उघड झाली. लंपीच्या विषाणूत याच जातीचं जनुक १३५ व्या क्रमांकावर आहे.

दुसऱ्या प्रकारच्या, गॅमा इंटरफेरॉनसाठी वेगळा बनावट रिसेप्टर असतो. तो सर्वांत आधी सापडला सशांच्या मिक्सोमा विषाणूत, १९९२ साली, ग्रँट मॅकफॅडन यांच्या कॅनडातल्या प्रयोगशाळेत. मला या शोधातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की मिक्सोमाचा हा सापळा सशाचंच इंटरफेरॉन पकडतो, माणसाचं किंवा उंदराचं पकडत नाही. याउलट व्हॅक्सिनियाचा सापळा माणसाचं पकडतो, गाईचं पकडतो, पण उंदराचं सोडून देतो. कुठला विषाणू कुठल्या प्राण्याला छळणार हे ठरवणाऱ्या अनेक गोष्टींत ही एक मोठी गोष्ट आहे. २०२२ मध्ये गावोगाव लोकांनी दूध टाकून दिलं, लंपी माणसाला होतो अशा अफवा उठल्या. लंपी माणसाला होत नाही. ज्याची हाळी दाबता येत नाही अशा शरीरात विषाणू फार काळ तग धरत नाही. सशांचा मिक्सोमा तर ऑस्ट्रेलियात १९५० पासून मुद्दाम रानात सोडला गेला. अगदी सुरुवातीला लागण झालेल्या सशांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक मेले, पण तिथल्या माणसांना त्याने काही केलं नाही.

तिसरी युक्ती पेशीच्या आत चालते. व्हॅक्सिनियाच्या कणात एच-१ नावाचं एन्झाइम आधीच भरून ठेवलेलं असतं. विषाणू पेशीत शिरला की त्याचं नवं प्रथिन एकही तयार व्हायच्या आत हे एन्झाइम स्टॅट-१ वरची फॉस्फेटची खूण काढून टाकतं. खूण गेली की निरोप्या केंद्रकात जाऊन काही उपयोग नाही. हे एन्झाइम देवीच्या घराण्यातल्या सर्व विषाणूंमध्ये टिकून आहे, लंपीतही. उत्क्रांतीत जे इतक्या काटेकोरपणे जपलं जातं, त्याच्याशिवाय भागत नसणार असं समजायला हरकत नाही.

सीगॅसचा समाचार व्हॅक्सिनिया कसा घेतो हे अगदी अलीकडे, २०१९ साली, हार्वर्डच्या फिलिप क्रान्झूश यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. सीगॅस ज्या छोट्या रेणूतून निरोप पाठवतं तो सीगॅम्पच कापून टाकणारं एक एन्झाइम या विषाणूकडे आहे. त्याला पॉक्सिन हे नाव दिलं गेलं. पहारेकरी जागा आहे, त्याने पाहिलंही आहे, पण त्याचा निरोप पहिल्याच पावलावर फाटतो.

आणि पीकेआर? त्याच्यासाठी दोन प्रथिनं आहेत. ई-३ हे दुपदरी आरएनएवर पांघरूण घालतं, म्हणजे पीकेआरला तो दिसतच नाही. के-३ ची रीत अधिक धूर्त आहे. पीकेआर ज्या प्रथिनावर शिक्का मारून उत्पादन थांबवतं, त्याच प्रथिनाचं सोंग के-३ घेतं. पीकेआर त्या सोंगात अडकून पडतं आणि खरं प्रथिन मोकळं राहतं. लंपीच्या विषाणूत ई-३ आणि के-३ या दोन्हींशी साम्य असलेली जनुकं आहेत.

के-३ वरून एक प्रयोग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सिएटलमधले हरमित मलिक आणि नेल्स एल्डे यांनी माकडांच्या आणि माणसाच्या पीकेआरची तुलना केली. तेव्हा असं दिसलं की के-३ ज्या जागी चिकटतं नेमक्या त्याच जागा कोट्यवधी वर्षांत पुन्हापुन्हा बदलल्या आहेत. आपले पूर्वज सोंग ओळखायला शिकत होते आणि विषाणू सोंग बदलत होते. मग २०१२ साली एल्डे यांनी ही चढाओढ प्रयोगशाळेत घडवून आणली. ई-३ काढून टाकलेला व्हॅक्सिनिया त्यांनी माणसाच्या पेशींत वाढवत ठेवला. सुरुवातीला तो जेमतेम जगत होता. पुढे काही फेऱ्यांत त्याच्यात के-३ च्या एकामागोमाग अनेक प्रती तयार झाल्या, इतक्या की त्याचा सगळा डीएनएच लांबला. सोंग जमत नसेल तर निदान सोंगांची गर्दी करायची, असा तो मार्ग. त्या गर्दीतल्या एखाद्या प्रतीत नेमका उपयोगी बदल झाला की बाकीच्या प्रती टाकून देता येतात आणि डीएनए पुन्हा आखूड होतो. एक मोठा डीएनए विषाणू काही आठवड्यांत नव्या यजमानाशी कसा जमवून घेतो, हे इतकं स्पष्ट याआधी कोणी पाहिलं नव्हतं.

या सगळ्या संशोधनाची सुरुवात शोधत मागे गेलं की एक मराठी नाव भेटतं. १९८८ साली अमेरिकेत बेथेस्डा इथे गिरीश कोतवाल आणि बर्नार्ड मॉस यांनी व्हॅक्सिनिया पेशीबाहेर सोडत असलेलं एक प्रथिन शोधलं. ते माणसाच्या रक्तातल्या कॉम्प्लिमेंट यंत्रणेला आवर घालणाऱ्या प्रथिनांसारखं निघालं. कॉम्प्लिमेंट हीही जन्मजात प्रतिकारशक्तीच. रक्तातली ही प्रथिनं घुसखोराला चिकटतात, त्याच्यावर खूण करतात, त्याला भोकं पाडतात. विषाणू यजमानाचा लगाम हिसकावून त्यालाच घालतो, हे या शोधाने पहिल्यांदा नीट दिसलं. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात अरविंद साहू यांच्या गटाने हा धागा बरीच वर्षं चालवला. देवीच्या खऱ्या विषाणूतलं याच जातीचं प्रथिन व्हॅक्सिनियातल्या प्रथिनापेक्षा फक्त ११ अमिनो आम्लांनी वेगळं आहे, पण माणसाच्या कॉम्प्लिमेंटला निष्प्रभ करण्यात ते कितीतरी पटींनी सरस ठरतं. त्या ११ पैकी कुठली अमिनो आम्लं ही ताकद देतात हे पुण्यातल्या कामाने उलगडलं. देवीने माणसांना इतकं का मारलं आणि व्हॅक्सिनियाने का नाही, या प्रश्नाचा एक तुकडा असा पुण्यात सुटला.

इतकी जनुकं बाळगणं लहान विषाणूंना परवडत नाही. विदर्भाने हेही पाहिलं आहे. १९६५ साली नागपूर भागातल्या चांदीपुरा इथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या भट आणि रॉड्रिग्ज यांनी नवा विषाणू वेगळा काढला. त्याला गावाचंच नाव मिळालं. वाळूमाशीतून पसरणारा हा विषाणू २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात, २००७ मध्ये नागपूर विभागात लहान मुलांच्या मेंदूला सूज आणून गेला. त्याच्याजवळ मुख्य जनुकं आहेत अवघी पाच. बनावट रिसेप्टर, सोंगं, कापणारी एन्झाइमं यांना जागाच नाही. त्याच्या जवळच्या नात्यातल्या, गुरांच्या तोंडाला फोड आणणाऱ्या विषाणूत या कमतरतेवरचा तोडगा नीट अभ्यासला गेला आहे. त्याचं एम हे प्रथिन विषाणूचा सांगाडा बांधतं आणि फावल्या हाताने केंद्रकाचं दारही अडवतं. केंद्रकातून बाहेर येणारा जनुकांचा निरोप आतच अडकतो. इंटरफेरॉनचं जनुक चालू झालं तरी त्याचा हुकूम बाहेर पडत नाही. पेशीचे इतर हुकूमही अडकतात आणि पेशी लवकर मरते. विषाणूला फिकीर नसते, त्याचं काम तोवर झालेलं असतं. लंपीचा विषाणू सावकाश, मोजून मापून गप्प करतो. हा सगळंच बंद पाडतो. मुलाला सकाळी ताप आणि दुसऱ्या दिवशी बेशुद्धी, अशी जी घाई चांदीपुरात दिसते, ती या स्वभावाशी जुळणारी आहे.

परत गोठ्याकडे येऊ. लंपीच्या साथीत एक गोष्ट बहुतेकांनी पाहिली. एकाच दावणीला बांधलेल्या दोन गाईंपैकी एकीच्या अंगभर गाठी उठतात, पाय सुजतात, गाठी पिकून फुटतात. दुसरीला एकही गाठ नाही. प्रयोगातही असंच होतं. ठरावीक मात्रेत विषाणू टोचला तरी सगळ्या जनावरांच्या अंगावर गाठी पसरत नाहीत, बऱ्याच जनावरांत लागण आतल्या आत विझते. माझी समजूत अशी की या फरकाचा मोठा भाग पहिल्या काही दिवसांत ठरतो: हाळी दाबली जाण्याआधी किती पेशींपर्यंत पोहोचली, यावर. आणि त्याचा परिणाम त्या एका जनावरापुरता राहत नाही. इंग्लंडमधल्या पिरब्राइट संस्थेने २०२१ मध्ये डास, चावऱ्या माशा आणि चिलटं आजारी गुरांवर बसवून पाहिली. गाठी असलेल्या जनावरावरून माशा विषाणू सहज उचलतात. लागण झालेल्या पण गाठी नसलेल्या जनावरावरून त्या क्वचितच उचलतात. कारण विषाणूचा साठा कातडीतल्या गाठींत असतो, रक्तात फार थोडा. म्हणजे ज्या गाईची हाळी दाबली गेली नाही ती स्वतः तर वाचतेच, शिवाय शेजारच्या गोठ्याकडे जाणारी साखळीही तिच्यापाशी तुटते. गाठी आलेलं जनावर वेगळं बांधा, माशांचा बंदोबस्त करा, हे पशुवैद्यक त्या दिवसांत घसा कोरडा करून सांगत होते. त्याच्यामागचं कारण हे असं थेट आहे.

आता लशीकडे. २०२२ मध्ये बुलढाण्यात आणि राज्यभर गुरांना टोचली गेली ती शेळ्यांच्या देवीची लस. राज्यातल्या १ कोटी ३९ लाखांच्या वर गोवंशाला ती घाईने द्यायची होती. शेळीची लस गाईला कशी चालते, असा प्रश्न अनेक शेतकऱ्यांनी विचारला आणि तो अगदी रास्त होता. शेळ्यांच्या देवीचा आणि लंपीचा विषाणू यांच्या डीएनएत सुमारे ९७ टक्के साम्य आहे, आणि जे वेगळं आहे ते बरंचसं टोकांकडे. लंपीत शाबूत असलेली काही जनुकं शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूंत मोडकळीला आलेली आहेत. म्हणून शेळ्यांचा विषाणू गाईत फारसा उच्छाद मांडत नाही, पण त्याचं बाहेरचं रूप तेच असल्याने गाईची प्रतिकारशक्ती त्यावरून लंपीला ओळखायला शिकते. अडचण वेळेची होती. लशीचा असर यायला दोन-तीन आठवडे लागतात. जिथे विषाणू आधीच पोहोचला होता तिथे लस टोचल्यावरही जनावरं आजारी पडली, आणि लशीनेच रोग आला असा समज पसरला. तो समज घालवायला गावपातळीवरच्या पशुवैद्यकांना फार झिजावं लागलं.

लंपीचीच अशी देशी लसही त्याच सुमारास तयार झाली. २०१९ च्या साथीत रांची इथे सापडलेला विषाणू घेऊन हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राने, इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या साथीने, लंपी-प्रोव्हॅकइंड ही लस बनवली. ऑगस्ट २०२२ मध्ये ती जाहीर झाली, डिसेंबरात ती पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत बनवण्याचा करार झाला. ती ज्या रीतीने तयार झाली ती रीत या प्रकरणाच्या दृष्टीने मला फार महत्त्वाची वाटते. विषाणू व्हेरो नावाच्या पेशींत पन्नास वेळा, एकातून दुसऱ्या भांड्यात घेत वाढवला गेला. व्हेरो पेशी १९६२ साली जपानमध्ये आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून घेतल्या होत्या. जगभरच्या लस-प्रयोगशाळांत त्या वापरतात, आणि त्यांच्यात एक जन्मखोड आहे: पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनची जनुकं त्यांच्या डीएनएतून गळून गेलेली आहेत. या पेशींना हाळी देताच येत नाही. अशा पेशींत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या विषाणूला हाळी दाबणारी जनुकं जपण्याचं कारण उरत नाही. ती बिघडली, तुटली तरी त्याचं काही अडत नाही. पण हाच विषाणू पुन्हा गाईत टोचला की तिथे हाळी व्यवस्थित निघते आणि तो वेळेत आवरला जातो.

देवीच्या लशीत हे आधी झालेलं आहे. जर्मनीत म्युनिक इथे आंतोन माइर यांनी व्हॅक्सिनिया कोंबडीच्या पेशींत ५७० हून जास्त वेळा वाढवला. त्याच्या डीएनएचा सुमारे १५ टक्के भाग गळाला, त्यात यजमानाशी झुंजणारी जनुकं बरीच होती. त्या विषाणूला माणसाच्या बहुतेक पेशींत नीट वाढता येत नाही, तरीही तो भक्कम प्रतिकारशक्ती देतो. आज मंकीपॉक्सविरुद्ध दिली जाते ती लस त्याच्याच वंशातली. आता योगायोगाची वाट बघायचीही गरज उरलेली नाही. लंपीच्या विषाणूतून इंटरल्यूकिन-१० सारखं पाचव्या क्रमांकाचं किंवा गॅमा इंटरफेरॉनचा बनावट रिसेप्टर असलेलं आठव्या क्रमांकाचं जनुक नेमकं कापून लशीचे उमेदवार तयार केले गेले आहेत आणि जनावरांवर तपासलेही गेले आहेत.

रांचीच्याच विषाणूपासून कर्नाटकातल्या बायोव्हेट कंपनीने बनवलेल्या लशीला फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियामकाची परवानगी मिळाली. लस टोचलेलं जनावर आणि रोग होऊन गेलेलं जनावर यांत या लशीमुळे फरक करता येतो, असं कंपनी सांगते. तसं असेल तर बाजारात उतरवलेल्या बैलाच्या रक्ताच्या थेंबावरून त्याची पूर्वपीठिका कळेल, आणि साथ आली की सरसकट सगळे बाजार बंद करण्याऐवजी नेमका रोग कुठे आहे ते शोधता येईल. लस दरवर्षी द्यावी लागते आणि पावसाळ्याने माशा वाढण्याआधी द्यावी लागते, कारण त्या वर्षी जन्मलेल्या वासरांना कुठलीच ओळख नसते. २०२२ मध्ये वासरांचे फार हाल झाले.